युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम घरी लिहिताना: आधी कर्नलला बोलतं करा

स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेणारे बरेच जण फोर्कपर्यंत (चालू प्रोसेसची प्रत काढून नवी प्रोसेस सुरू करण्यापर्यंत) पोचतच नाहीत. गाडी अडते ती इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारी हाक) आणि पेजिंगपाशी (व्हर्च्युअल पत्ते भौतिक मेमरीला जोडण्यापाशी), कारण तिथे चूक झाली की मशीन काहीही न सांगता रीबूट होतं. म्हणून स्क्रीन, कीबोर्ड, फाइल सिस्टीम सगळं नंतर. आधी सिरियल पोर्ट, म्हणजे एकेक अक्षर बाहेर पाठवणारं साधं दार. चूक कुठे झाली ते कर्नल त्यावर छापू शकतो.

सुरुवात ३२ बिट एक्स८६वर करा. लिनक्सवर आधी बिनयुटिल्स (असेंबलर आणि लिंकर) आणि मग जीसीसी (सी कंपायलर), दोन्ही आय६८६-ईएलएफ टार्गेटसाठी (३२ बिट एक्स८६, ईएलएफ हा फाइलचा फॉरमॅट) बांधून घ्या. लॅपटॉपवरचा नेहमीचा जीसीसी लिनक्ससाठी कोड तयार करतो, त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. कर्नल (सिस्टीमचा गाभा) कंपाइल करताना फ्रीस्टँडिंग हा पर्याय द्या, लिंक करताना नोस्टडलिब (नेहमीच्या लायब्ररी नकोत), आणि शेवटी लिबजीसीसी ही जीसीसीची मदतनीस लायब्ररी जोडा. ती राहिली तर ६४ बिटी भागाकार केल्याबरोबर लिंकर तक्रार करतो.

बूटलोडर (कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्रॅम) स्वतः लिहू नका, तयार ग्रब वापरा. मल्टीबूट हेडर (ग्रबने कर्नल ओळखावा म्हणून ठेवलेली खूण) फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटांत आणि ४ने भाग जाणाऱ्या जागी हवा, आणि त्यातल्या तीन आकड्यांची बेरीज ३२ बिटांत शून्य यायला हवी. लिंकर स्क्रिप्टमध्ये हे सेक्शन सर्वांत वर ठेवा आणि कर्नल १ एमबीवर बसवा. ग्रब तुम्हाला प्रोटेक्टेड मोडमध्ये आणून सोडतो, पण स्टॅक देत नाही. १६ केबीचा स्टॅक स्वतः राखून ठेवा आणि ईएसपी हे स्टॅकचं रजिस्टर त्याच्या वरच्या टोकाला लावा, कारण तो खाली वाढतो.

आता सिरियल. कॉम१ या पहिल्या सिरियल पोर्टचा पत्ता हेक्स ३एफ८. ३एफबीवर हेक्स ८० लिहिलं की वेग ठरवणारा डिव्हायझर उघडतो. मग ३एफ८वर १ आणि ३एफ९वर ० लिहा, म्हणजे वेग ११५२००. त्यानंतर ३एफबीवर ०३ लिहायलाच हवं. ते राहिलं तर तुमचं पहिलं अक्षर बाहेर न पडता डिव्हायझरमध्ये जाऊन बसतं आणि पोर्ट मुका राहतो. प्रत्येक अक्षराआधी ३एफडीमधला पाचवा बिट (शून्यापासून मोजून) १ होईपर्यंत थांबा. क्यूएमूला (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला) सिरियल एसटीडीआयओकडे वळवायला सांगा, की सगळं टर्मिनलमध्ये दिसू लागतं.

लगेच जीडीटी (मेमरी सेगमेंटांचा तक्ता), मग २५६ नोंदींची आयडीटी (इंटरप्ट हँडलरांचा तक्ता), आणि पहिल्या ३२ अपवादांसाठी एकच हँडलर: व्हेक्टर (अपवादाचा क्रमांक), एरर कोड, ईआयपी (सूचनेचा पत्ता) आणि सीआर२ (पेज फॉल्ट झालेला पत्ता) छापा आणि थांबा. ८, १० ते १४ आणि १७ हे अपवाद एरर कोड पुश करतात, बहुतेक बाकीचे करत नाहीत. जिथे येत नाही तिथे स्वतः ० पुश करा, नाहीतर परतताना स्टॅक ४ बाइटांनी सरकलेला असतो. छापून आलेला ईआयपी पत्त्यावरून ओळ शोधणाऱ्या अ‍ॅड्रटूलाइनला दिला की थेट सी फाइलमधली ओळ मिळते. तरीही मशीन रीबूट झालं तर क्यूएमूला नो-रीबूट आणि इंटरप्टचा लॉग हे पर्याय द्या. ट्रिपल फॉल्टआधी (अपवाद हाताळता न आल्याने प्रोसेसर रीसेट होण्याआधी) काय घडलं ते लॉगमध्ये असतं.

इंटरप्ट सुरू करण्याआधी पीआयसी (हार्डवेअरचे इंटरप्ट प्रोसेसरकडे पाठवणारी चिप) रीमॅप करून ३२ ते ४७वर न्या. मूळ मांडणीत टायमर व्हेक्टर ८वर येतो, म्हणजे डबल फॉल्टच्या जागी, आणि लोक न झालेला डबल फॉल्ट शोधत बसतात. टायमरची टिक एकदाच येऊन थांबली, तर ईओआय ('इंटरप्ट हाताळून झाला' ही पीआयसीला द्यायची खूण) पाठवायचं राहिलं आहे.

पेजिंगमध्ये दोन चुका ठरलेल्या. सीआर३ या रजिस्टरमध्ये पेज डिरेक्टरीचा भौतिक पत्ता जातो, व्हर्च्युअल नव्हे. आणि कर्नल ३ जीबीवर नेणार असाल, तरी पेजिंग चालू करताना पहिले ४ एमबी जसेच्या तसे मॅप ठेवा. नाहीतर पुढची सूचनाच प्रोसेसरला सापडत नाही.

प्रोसेस बदलताना ईबीएक्स, ईएसआय, ईडीआय, ईबीपी ही रजिस्टरं पुश करून स्टॅक आणि सीआर३ बदलला की पुरतं. प्रत्येक बदलात टीएसएस या तक्त्यातला ईएसपी० (युजर मोडमधून कर्नलमध्ये येताना वापरायच्या स्टॅकचा पत्ता) मात्र नव्या प्रोसेसच्या कर्नल स्टॅककडे वळवा. विसरलात तर एक प्रोसेस छान चालते, दुसरी आली की दोघी एकाच स्टॅकवर लिहू लागतात. फोर्क आधी सरळ पूर्ण कॉपीने करा, कॉपी-ऑन-राइट (लिहायची वेळ आली की मगच पान कॉपी करणं) नंतर. एक्झेकमध्ये (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवताना) ईएलएफचा मेमसाइझ फाइलसाइझपेक्षा मोठा असेल तेवढा भाग शून्याने भरा.

फाइल सिस्टीम म्हणून सुरुवातीला टार फाइल उत्तम. ती ग्रबचं मॉड्यूल (कर्नलबरोबर मेमरीत आणलेली फाइल) म्हणून येते. हेडर ५१२ बाइटांचा, आणि आकार ऑक्टलमध्ये, मजकूर म्हणून लिहिलेला. मॉड्यूलची पानं मेमरी वाटणाऱ्या अ‍ॅलोकेटरमध्ये वापरलेली म्हणून नोंदवा, नाहीतर काही वेळाने तुमचीच शेल कशाखाली तरी गाडली जाते.

खऱ्या मशीनवर चालवायचं असेल तर मुंबईत ग्रँट रोड स्टेशनबाहेर लॅमिंग्टन रोडला जुना डेस्कटॉप बघा. लेगसी बायोस, पीएस/२ कीबोर्डची जागा आणि बोर्डवर कॉमची पिनं, एवढं तपासून घ्या. दुकानात 'यूएसबी टू सिरियल' मागितलं की कधी कधी टीटीएल (कमी व्होल्टेजचा) बोर्ड हातात मिळतो. तो आरएस-२३२ला, म्हणजे पीसीच्या जास्त व्होल्टेजच्या सिरियल पोर्टला, जोडू नका, जळेल. नऊ पिनांचीच केबल घ्या, आणि मध्ये २ आणि ३ उलटसुलट करणारी नल मोडेम केबल.

शेलमध्ये पाइप (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला देणारी नळी) लिहाल तेव्हा शेवटची अडचण येईल: एलएस (फाइलींची यादी देणारं) चालतं, डब्ल्यूसी (ओळी आणि शब्द मोजणारं) चालतं, पण दोन्ही जोडले की डब्ल्यूसी वाट बघत राहतं. शेलने आणि डब्ल्यूसीनेही लिहिण्याचं टोक स्वतःकडे उघडं ठेवलेलं असतं, म्हणून फाइल संपल्याची खूण येत नाही. फोर्कनंतर न लागणारं प्रत्येक टोक बंद करा.