मावा पडला की आधी पान उलटा: ढालकिडा कसा ओळखावा आणि कसा टिकवावा

इंदूरमध्ये थंडी पडली की गच्चीवरच्या मोहरी-कोबीपासून सांवेरकडच्या गव्हापर्यंत सगळीकडे मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, दिसू लागतो. तो दिसताच फवारा मारू नका. त्याला खाणारा ढालकिडा बहुधा तिथेच असतो, पण आपण ओळखतो फक्त लाल, ठिपकेवाला भुंगेरा. त्याची अळीही मावा भराभर फस्त करते, आणि नेमकी तीच कीड समजून मारली जाते.

सकाळी पानं उलटून बघा. माव्याजवळ टोकदार, पिवळी अंडी उभी चिकटवलेली दिसतील, एका पुंजक्यात साधारण दहा ते तीस. तीन ते पाच दिवसांत ती फुटतात. अळी मगरीच्या पिल्लासारखी: लांबट, काळपट, सहा पायांची, अंगावर नारिंगी ठिपके. साधारण दोन आठवड्यांत ती तीनदा कात टाकते आणि शेकडो मावे खाते. मग शेपटीकडून पानाला चिकटून कोष होतो. त्याला काडीने डिवचलं तर तो झटका देऊन उभा राहतो. रोगाचा डाग समजून ते पान तोडू नका. चार-सहा दिवसांत त्यातून भुंगेरा निघतो.

वांगी-कारल्यावर मात्र जपून. तिथला मळकट तांबूस, बारीक लव असलेला, 12 किंवा 28 ठिपक्यांचा भुंगेरा पान खाणारा आहे. त्याची अळी पिवळी, काटेरी असते आणि पानाची जाळी करते. ती वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

अळ्या दुसऱ्या कुंडीत न्यायच्या असतील तर संध्याकाळी पानासकट कापून न्या. एका डबीत एकच ठेवा, भुकेल्या अळ्या एकमेकींना खातात. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या ढालकिड्यांना हुसकावतात, म्हणून पाण्याच्या ताटलीत वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवा. फांदी भिंतीला टेकली की हा उपाय फुकट जातो.

मावा फारच वाढला तर अंडी-अळ्या नसलेले शेंडे पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. साबण किंवा निंबोळी अर्क अंगावर पडला तर अळ्यांनाही बाधतो, तेव्हा तो फक्त अशाच शेंड्यांपुरता वापरा. थोडा मावा राहू द्या, नाहीतर भुंगेरे उडून जातील. कोथिंबीर, शेपूची दोन-चार रोपं फुलू द्या. मावा कमी असताना भुंगेरे त्यांच्या परागांवर तग धरतात.