गोळी पोटात ठरली का, हे आधी विचारा

एमडी फार्माकॉलॉजीच्या सिनॉप्सिससाठी (थिसिसच्या आराखड्यासाठी) विषय शोधताना फार्माकोजेनेटिक्स (जनुकांमुळे औषधाचा परिणाम कसा बदलतो याचा अभ्यास) या शब्दाची भुरळ पडते. मलाही पडली. गरोदरपणातल्या उलट्या, त्या थांबवणारं औषध ऑन्डान्सेट्रॉन आणि ते यकृतात मोडणारं एन्झाइम सीवायपी२डी६. एन्झाइम अतिवेगाने चालत असेल तर औषध लवकर संपतं, उलट्या सुरूच राहतात. एवढ्या तर्कावर मी थिसिस उभा करायला निघाले होते.

अडकले ते प्रयोगशाळेत नाही, रजिस्टरमध्ये.

वॉर्डाच्या रजिस्टरात 'ऑन्डान्सेट्रॉन ४ मिग्रॅ, फायदा नाही' असं दिसलं की मी ती बाई 'नॉन-रिस्पॉन्डर' म्हणून एक्सेलमध्ये टाकत होते. महिनोन्‌महिने. जीनोटाइप, म्हणजे या एन्झाइमच्या जनुकाचे रिपोर्ट, आले तर बहुतेक नॉर्मल. माझं पीसीआर (जनुक तपासायची चाचणी) चुकलं असं वाटून मी नमुने पुन्हा लावले. शेवटी वैतागून गेवराईकडच्या एका बाईच्या खाटेपाशी जाऊन बसले. तिची सासू म्हणाली, "गोळी ठरतीच कुठं मॅडम? गिळली की लगीच ओकती. आक्खी गोळी भायेर."

म्हणजे औषध रक्तात पोचलंच नव्हतं आणि मी दोष जनुकाला देत होते.

म्हणून प्रत्येक बाईला विचारा: गोळी किती वाजता घेतली? त्यानंतर उलटी किती वेळाने झाली? उलटीत गोळी दिसली का? घेतली तरी का, की बाळाला बाधेल म्हणून उशाखाली ठेवली? गोळी की इंजेक्शन, याचा रकाना वेगळा ठेवा. शिरेतून दिलेलं औषध ओकून जात नाही. जिभेवर विरघळणाऱ्या गोळीनेही फसू नका, तीही लाळेबरोबर गिळलीच जाते. मळमळ किती तास, उलट्या किती, कोरड्या उबळी किती, यांचा ३ ते १५ गुणांचा पीयूक्यूई स्कोअर औषधाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. नुसतं 'बरं वाटलं का?' विचारलंत तर निम्म्या जणी तुमचं मन राखायला 'हो' म्हणतील.

मुळात उलट्या जास्त होणं आणि औषध लागू न पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीव्र उलट्यांमागे जीडीएफ१५ या संप्रेरकाचा मोठा हात असल्याचं २०२३ मध्ये पुढे आलं. सुरुवातीचा स्कोअर नसेल तर दोन्हींचा काला होतो.

सीपिक या जनुकांनुसार औषधं सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची २०१६ ची मार्गदर्शक सूचना, ज्यांचं २डी६ अतिवेगाने चालतं त्या अतिवेगवान गटाला ग्रॅनिसेट्रॉनसारखं औषध सुचवते, पण तिचा पुरावा शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोच्या उलट्यांचा आहे. गरोदरपणात २डी६ आणि ३ए४ ही एन्झाइमं वाढतात, १ए२ हे तिसरं मंदावतं, आणि ऑन्डान्सेट्रॉन या तिन्ही वाटांनी जातं. तेव्हा ती सूचना गरोदर बाईला जशीच्या तशी लावू नका. आणखी एक: साध्या एसएनपी तपासणीत (जनुकातले एकेका अक्षराचे बदल पाहणाऱ्या) अतिवेग ज्यांमुळे येतो त्या जनुकाच्या जादा प्रती मोजल्याच जात नाहीत. म्हणजे ज्या अतिवेगवान बाया शोधायच्या, त्याच नॉर्मल म्हणून निसटतात. या प्रती मोजणाऱ्या कॉपी नंबर तपासणीचा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवशीच धरा.

संमती घेताना बीडमध्ये हमखास प्रश्न येतो: "पोरगा का पोरगी, हे कळतं का यात?" २०११ च्या जनगणनेत राज्यात मुलींचं प्रमाण सर्वांत कमी इथेच होतं, त्यामुळे गरोदर बाईचं रक्त आणि 'जेनेटिक' हे शब्द एकत्र आले की एथिक्स कमिटीही कान टवकारते. टवकारायलाच हवेत. रक्त आईचं, तपासणी तिच्या औषध पचवण्याची, बाळाची काहीही नाही, हे फॉर्मवर साध्या मराठीत लिहा.

ऊसतोडीच्या टोळ्या हलायच्या आत भरती संपवा. कोयता (ऊसतोड करणारं नवराबायकोचं जोडपं) एकदा कारखान्यावर गेला की फॉलोअप फोनवरच, आणि फोन बहुतेक नवऱ्याकडे.

गाईडबद्दल माझं मत कडवट आहे. स्टॅटिस्टिक्स बाहेरून करून आणायला सांगणारा गाईड सोयीचा वाटतो. मला ओपीडीत बसवणाऱ्या सीनियर बाईंचा तेव्हा राग यायचा. पण खाटेपाशी बसायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

आणि डेटा खोडावा लागला म्हणून रडू नका. मी रडले होते. मग 'गोळी ठरली' असा नवा रकाना काढून पहिल्या फाइलपासून पुन्हा सुरुवात केली. थिसिस सहा महिने उशिरा गेला, पण गेला.