ब्युटेनच्या ज्वलनाचे समीकरण मी कसे संतुलित केले
ब्युटेन या इंधनवायूच्या ज्वलनाचे समीकरण माझ्याकडून वारंवार चुकत असे, कारण मी सुरुवात ऑक्सिजनपासून करीत असे आणि तो कार्बन डायऑक्साइड व पाणी या दोन्ही उत्पादितांत असल्याने एक बाजू जुळवताच दुसरी बिघडत असे. शेवटी मी क्रम उलटा केला. ब्युटेनच्या रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात; म्हणून उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ४ व पाण्याचे ५ रेणू प्रथम लिहिले, त्यांतील ऑक्सिजनचे १३ अणू मोजले आणि ऑक्सिजनच्या रेणूत २ अणू असल्याने डावीकडे त्याला साडेसहा हा सहगुणक (सूत्रापुढे लिहिलेली रेणूंची संख्या) दिला. अपूर्णांकाला घाबरण्याचे कारण नसते, हे मला फार उशिरा कळले. सर्व सहगुणक दुप्पट करताच ब्युटेन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड व पाणी यांना अनुक्रमे २, १३, ८ आणि १० मिळाले, व दोन्ही बाजूंना ऑक्सिजनचे २६ अणू भरले.