आजारातून उठल्यावर कॅम्पर व्हॅनने फिरताना

आजारपणानंतर पुण्याबाहेर पडायचं असेल, तर भाड्याची कॅम्पर व्हॅन चांगली. थकवा आला की पलंग आणि स्वच्छतागृह हाताशी. मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि गाडी पेशंटने चालवायची नाही, कितीही हौस असली तरी.

बेत आखताना ठिकाणं कमी करा. वाई घ्या. पुण्याहून साधारण नव्वद किलोमीटर, सकाळी आरामात निघून जेवणाआधी पोचता येतं. तिथे दोन रात्री एकाच जागी मुक्काम करा. गाडी कुठे उभी करायची आणि वीज-पाणी मिळेल का, हे निघण्यापूर्वी फोनवर ठरवून ठेवा. पहिल्या दिवशी काहीच बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ढोल्या गणपती, संध्याकाळी मेणवली. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि घाटाजवळची मोठी घंटा. घाटाच्या पायऱ्या उतरायचा मोह होतो, पण त्या परत चढायच्याही असतात. वरूनच कृष्णा बघा. महाबळेश्वर 'इतकं जवळ आहे' म्हणून पसरणी घाट चढायला कुणी सुचवलं, तर सरळ नाही म्हणा. वळणांनी अशक्त माणसाला मळमळतं.

औषधं दोन दिवस जास्तीची घ्या. इन्सुलिन असेल तर गाडीतला फ्रिज थंड होतोय ना, ते निघायच्या आदल्या रात्रीच तपासा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो सोबतच्या माणसाच्या मोबाईलमध्येही हवा. अडचण आली तर रुग्णवाहिकेसाठी १०८.