स्वाक्षरीच्या कार्यक्रमाला वाचकगट जमतोय? या चुका टाळा

मोबाइलवर वर्ष-दोन वर्षं पुस्तकांवर तावातावाने बोलणारी माणसं एकदा प्रत्यक्ष भेटायचं ठरवतात, आणि त्याच सुमाराला गटातल्या सगळ्यांच्या आवडीचा लेखक किंवा लेखिका शहरात येणार असल्याचं कळतं. मग आपसूकच ठरतं, की गटाचा कट्टा, म्हणजे ही प्रत्यक्ष भेट, त्या स्वाक्षरीच्या कार्यक्रमालाच करायची. बेत उत्तम आहे. जागा सार्वजनिक असते, कुणाच्या घरी जायचं दडपण नसतं आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही.

तरीही अशा बऱ्याच भेटी विस्कटतात, कारण एकाच संध्याकाळी दोन कार्यक्रम एकमेकांवर बसवलेले असतात. स्वाक्षरीच्या टेबलापाशी लेखक एका वेळी एकाच वाचकाचा असतो आणि मागे रांग उभी असते. कट्ट्याला सगळे एकत्र हवेत, वेळ हवा, हसण्या-बोलण्याचा गलका हवा. टेबल आणि कट्टा वेगळे ठेवले की दोन्ही रंगतात, हे माझं ठाम मत आहे. पुढच्या बहुतेक चुका या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यानेच होतात.

‘तिथेच भेटू’ एवढ्यावर थांबणं

‘तिथे’ म्हणजे नक्की कुठे? पुणे पुस्तक महोत्सव २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरतो. शनिवार-रविवारी संध्याकाळी त्या गर्दीत फोन लागेलच याची खात्री नसते, आणि लागला तरी ‘मी स्टॉलपाशी उभा आहे’ यातून काहीच कळत नाही, कारण सगळीकडे स्टॉलच असतात. साहित्य संमेलनात तर मुख्य मंडप, ग्रंथप्रदर्शन आणि जेवणाची जागा तीन टोकांना असू शकतात. त्यामुळे प्रवेशद्वाराच्या बाहेरची, लांबून दिसणारी एक जागा नक्की करा आणि स्वाक्षरीच्या वेळेच्या तासभर आधी तिथे जमा. फर्ग्युसनला येणाऱ्यांनी गाडी लावायला जागा शोधत फिरण्यापेक्षा मेट्रोने डेक्कन जिमखान्याला उतरून चालत येणं सोपं. नंतर खायला बसायचं असेल तर वीसजणांना एकत्र जागा मिळेल असं ठिकाण आधी फोन करून ठरवा. सुट्टीच्या संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली किंवा रूपाली हॉटेलात एवढी मंडळी आयत्या वेळी एका टेबलावर मावत नाहीत.

वेळेचंही तसंच. स्टॉलवर किंवा पुस्तकांच्या दुकानात स्वाक्षरी असेल तर दिलेली वेळ बहुधा पाळली जाते. प्रकाशन समारंभाची तऱ्हा वेगळी. पत्रिकेवर सहा वाजता असतात, दीपप्रज्वलन साडेसहाला होतं, मग शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, दोन वक्ते, अध्यक्षीय भाषण, लेखकाचं मनोगत आणि आभार. सभागृह ठरलेल्या वेळी रिकामं करायचं असतं, त्यामुळे स्वाक्षरीसाठी हाती लागतात ती शेवटची पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात अर्धा प्रेक्षकवर्ग मंचाकडे धावतो. प्रकाशकाला दोन दिवस आधी फोन करून सरळ विचारा, ‘स्वाक्षरीसाठी वेगळा वेळ ठेवलाय का, आणि आम्ही पंधराजण येतोय तर चालेल ना?’ हा एक फोन केलात तर बरेचदा गटाला समारंभाच्या आधीच अर्धा तास मिळतो. प्रती किती लागतील याचा अंदाज मिळाल्याने प्रकाशकही खूश असतो.

पीडीएफ वाचून स्वाक्षरीला जाणं

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अनेक वाचकगटांत पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. ‘कुणाकडे आहे का?’ असं एकजण विचारतो आणि पाच मिनिटांत फाइल येते. त्याच गटातली माणसं पुढे त्याच लेखकासमोर हात जोडून उभी राहतात, ‘तुमचं सगळं वाचलंय हो!’ म्हणतात. गटात लेखकाच्या ओळखीचं कुणी ना कुणी असतंच, त्यामुळे लेखकाला हे पुष्कळदा माहीत असतं. तो काही बोलत नाही, एवढंच.

हिशेब साधा आहे. मराठी लेखकाला मानधन बहुधा छापील किमतीच्या दहा-पंधरा टक्के मिळतं. ३०० रुपयांच्या पुस्तकामागे ३० ते ४५ रुपये. गटात ५० जणांनी फाइल वाचली तर दीड-दोन हजार रुपये गेले, हा त्यातला लहान भाग. मोठं नुकसान असं, की पहिली आवृत्ती संपायला वर्षं लागतात आणि प्रकाशक पुढचं हस्तलिखित हातात घेताना दहादा विचार करतो. ज्या लेखकाची पुढची कादंबरी कधी येणार म्हणून आपण रांगेत विचारतो, तिची वाट आपणच अडवलेली असते.

कायदाही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण गुन्हा गुन्हाच राहतो. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, म्हणून त्यांचं साहित्य २०११ पासून सर्वांना खुलं आहे, ते खुशाल वाटा. हयात लेखकाच्या पुस्तकाची फाइल वाटणं आणि त्याच्याचकडे स्वाक्षरी मागणं मात्र एकत्र बसत नाही. कट्टा ठरला की गटप्रमुखाने एवढं एक काम करावं: गटातल्या त्या फाइली काढून टाकाव्यात आणि तसं गटात लिहावं.

पदपथावर मिळणाऱ्या बनावट प्रतींचंही हेच. पुसट छपाई, मुखपृष्ठाचे उडालेले रंग, तिरकी कापलेली पानं, आणि किंमत निम्म्याहूनही कमी. अशी प्रत लेखकाच्या हातात पडली की त्याला क्षणात ओळखू येते. अजाणता घेतली गेली असेल तर ती घरीच ठेवा आणि तिथे नवी घ्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली खरी प्रत मात्र अभिमानाने न्या. दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेली, कडा मऊ पडलेली प्रत बघून लेखकांचे चेहरे खुलतात. ग्रंथालयाची प्रत स्वाक्षरीला नेऊ नये, ती आपली नसते.

दुकानाने कार्यक्रम ठेवला असेल तर निदान एक तरी पुस्तक तिथून घ्या. पंधराजणांनी रिकाम्या हाताने जाऊन, बाहेरून सवलतीत मागवलेल्या प्रतींवर सह्या घेऊन निघून येणं शोभत नाही. खुर्च्या, चहा, दिवे यांचा खर्च त्या दुकानदाराने केलेला असतो.

टेबलापाशी गटाने घेराव घालणं

रांगेत ६० जण असतील आणि प्रत्येकाला ४५ सेकंद मिळाली तरी पाऊण तास जातो. आता पंधराजणांचा गट, प्रत्येकाकडे तीन पुस्तकं, शिवाय प्रत्येकाचा वेगळा फोटो, असं धरा. माणशी तीन मिनिटं म्हटली तर एकट्या गटालाच पाऊण तास लागतो. मागच्या लोकांनी काय करायचं?

गटाने एका वेळी टेबलापाशी जाऊ नये. रांगेत एकामागे एक उभं राहावं, आपली वेळ आली की दोन वाक्यं बोलावीत आणि बाजूला व्हावं. फोटो सगळ्यांचा मिळून एकच, रांग संपल्यावर, लेखकाला विचारून. दुबईच्या किंवा पुण्याबाहेरच्या मंडळींसाठी कुणी दहा प्रती आणल्या असतील तर त्याने रांगेत शेवटी उभं राहावं, किंवा प्रती प्रकाशकाकडे देऊन सवडीने सह्या करून घ्याव्यात.

चिठ्ठीचा उपाय अगदी साधा आहे, पण फार थोडे गट तो करतात. प्रत्येकाने आपलं नाव देवनागरीत, सुटं आणि ठळक लिहावं आणि ती चिठ्ठी शीर्षकपानाशी अशी घालावी की तिचं टोक बाहेर दिसेल. लेखकाने पुस्तक हातात घेतलं की ते थेट त्याच पानावर उघडतं. नाहीतर गोंगाटात काय होतं बघा. ‘मृण्मयी’ असं सांगितलं की मागून प्रश्न येतो, ‘ण की न?’ हृषीकेशचा ऋषिकेश होतो, ऋताची रुता होते. शाईने लिहिलेलं नाव नंतर बदलता येत नाही, आणि खाडाखोड केलेली स्वाक्षरी जन्मभर डोळ्यांत सलते. नुसती सही हवी की ‘सप्रेम’ वगैरे मजकूरही हवा, तेही चिठ्ठीवरच लिहा. तारीख आणि गाव मात्र आवर्जून मागा. वीस वर्षांनी त्या दोन शब्दांचीच किंमत सर्वांत जास्त असेल.

बोलायचं काय? ‘मी तुमचा फार मोठा चाहता आहे’ यावर ‘धन्यवाद’ सोडून लेखकाला काहीच म्हणता येत नाही. पुस्तकातली एखादी जागा सांगा: अमुक प्रकरणात आजी सुनेशी बोलायची थांबते, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एवढ्यावरही लेखक मान वर करून बघतो. ‘ओळखलंत का? मी तुमच्या प्रत्येक लेखावर प्रतिक्रिया देतो,’ असली परीक्षा घेऊ नका. टोपणनावाने लिहीत असाल तर ते सरळ सांगा. आणि मागे कधी त्या पुस्तकावर कडक टीका केली असेल तर लपवायची गरज नाही, पण तो वाद टेबलावर उकरून काढायचीही नाही. आपल्या कवितासंग्रहाची प्रत पुढे सरकवणं, प्रस्तावना मागणं, हस्तलिखित पिशवीत कोंबणं, हे सगळं तिथे टाळाच. प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र घालता येतं.

चुकीचं पेन, चुकीचं पान

शीर्षकपान सगळ्यांत योग्य, जिथे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव छापलेलं असतं. पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकात आतलं पहिलं जाड पान बरेचदा रंगीत असतं, त्यावर निळी शाई उठून दिसत नाही. मार्कर पातळ कागदातून पलीकडे उतरतो. साधं बॉलपेन दाब देतं आणि मागच्या पानावर वळ उमटतो. शाईचं पेन सुंदर दिसतं, पण त्याची शाई बहुधा पाण्याने पसरते. पावसाळ्यात अशी प्रत प्लास्टिकच्या पिशवीतूनच न्यायची. काळं, बारीक टोकाचं जेल पेन सगळ्यांत भरवशाचं. गुळगुळीत, चकचकीत कागदावर तेही वाळायला वेळ लागतो, म्हणून सही झाल्याबरोबर पुस्तक मिटू नका. मिनिटभर उघडं धरा, मग मध्ये कोरा कागद घालून मिटा. दोन पेनं बरोबर ठेवा, पण लेखकाने स्वतःचं पेन काढलं तर आग्रह करू नका.

एकमेकांना गृहीत धरणं

पडद्यावर जवळचा वाटणारा माणूस प्रत्यक्षात पहिल्यांदाच भेटत असतो. गटात ‘अगं-तुगं’ असलं तरी समोर सत्तरीच्या बाई निघाल्या तर ‘ताई’ किंवा ‘मावशी’ आपोआप तोंडात येतं, येऊ द्या. टोपणनावाने वावरणाऱ्यांचं खरं नाव, नोकरीचं ठिकाण, घरचा पत्ता विचारून त्यांना कोंडीत पकडू नका. फोटो टाकण्याआधी प्रत्येकाला विचारा, आणि ज्यांना फोटोत यायचं नसेल त्यांच्याच हातात कॅमेरा द्या. त्यांना काम मिळतं आणि अवघडलेपणही राहत नाही. पहिल्यांदा येणाऱ्या बायका-मुलींनी घरी सांगून यावं, परतीची सोय स्वतःच्या हातात ठेवावी. गटातल्या जुन्या मंडळींनी हे त्यांना आपणहून सुचवावं.

नेहमी नुसतं वाचणारा, कधीच न लिहिणारा एखादाही येतो. तो कोपऱ्यात उभा असतो. त्याला ‘तू का लिहीत नाहीस?’ असं न विचारता ‘सध्या काय वाचतोयस?’ असं विचारलं तर तो बोलू लागतो.

गडबड झालीच तर

लेखकाची तब्येत बिघडली किंवा वेळ संपली आणि तुमच्यापर्यंत रांग पोचलीच नाही, तर हुज्जत घालू नका. चिठ्ठीसकट पुस्तक प्रकाशकाकडे किंवा दुकानात ठेवून जा. चिठ्ठीवर फोन नंबरही लिहा. लेखक पुन्हा तिथे आला की बहुतेक जण सह्या करून देतात.

प्रती संपल्या तर जाड कोऱ्या कागदावर सही घ्या आणि पुस्तक मिळाल्यावर शीर्षकपानासमोर अलगद चिकटवा. फक्त ई-पुस्तक वाचणाऱ्यांनाही हाच मार्ग.

नाव चुकलंच तर शांतपणे लगेच सांगा. बरेचसे लेखक खाली एखादी ओळ लिहून ते सावरून घेतात. शाई फिसकटली तर बोटाने पुसू नका, तशीच वाळू द्या. पुसलेला डाग सहीपेक्षा मोठा होतो.

गावाकडच्या सदस्यांच्या प्रती पाठवायच्या राहिल्या असतील तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा वापरा. मे २०२५ मध्ये ती पुस्तकांसाठी सुरू झाली. दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपयांपर्यंत आहे, कर वेगळा. पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा. सहीच्या पानात घातलेला कोरा कागद काढू नका.