फ्लॉसचा धागा दातांच्या फटीत नेमका कसा फिरवायचा

बांगड्याचा काटा किंवा मानकुराद आंब्याची शीर दातात अडकली की माडाचा हीर मोडून कोरायचे, ही सवय गोव्यात जुनी. अडकलेले निघाले की फट साफ झाली असे वाटते. फ्लॉसही बरेच जण तेवढ्यासाठीच आणतात आणि काही अडकले तरच डबी उघडतात. पण त्याचे मुख्य काम कण काढणे नाही. दोन दात एकमेकांना टेकतात त्या जागेखाली, हिरडीच्या कडेपर्यंत, जिवाणूंचा चिकट थर साचत असतो. तो प्लाक खरवडण्यासाठी धागा लागतो. चूळ भरून प्लाक जात नाही आणि ब्रशचे केस तिथवर पोचत नाहीत. तो राहून गेला तर लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचे कीटण बनते. मग धागा काहीच करू शकत नाही. ते दंतवैद्याकडेच काढून घ्यावे लागते.

म्हणून फ्लॉस रोज एकदा, शक्यतो रात्री जेवणानंतर आणि ब्रशच्या आधी. फटी मोकळ्या झाल्या की पेस्टमधले फ्लोराइड आतपर्यंत पोचायला वाव मिळतो.

धागा हातभर घ्यावा: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. कंजुषी करून वीतभर घेतला तर बोटांतून निसटतो आणि एकच मळका तुकडा सगळ्या फटींतून फिरतो. बराचसा धागा एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळायचा, थोडा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला. बोटाचे टोक निळे पडेल इतका घट्ट नको. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरायचा. वरच्या दातांना अंगठ्याने आधार द्यावा, खालच्या दातांना दोन्ही तर्जनींनी. पुढच्या फटीला जाताना एका बोटावरचा सोडून दुसऱ्यावर गुंडाळत गेले की दर वेळी ताजा तुकडा येतो.

फटीत शिरताना धागा सरळ खाली दाबायचा नाही. दात टेकतात ती जागा घट्ट असते; जोर लावला की धागा एकदम सुटतो आणि हिरडीत रुततो. पुढे-मागे हलके सरकवत, दाब आवरून तो खाली आणायचा. आत आला की खरे काम सुरू होते आणि बहुतेकांचे चुकते ते इथेच. धागा एका दाताच्या बाजूला अर्धगोल कवटाळेल असा वळवायचा, हिरडीची कड आणि दात यांच्यामधल्या बारीक खाचेत अलगद उतरवायचा, थांबेल तिथे थांबायचे आणि दाताला चिकटवूनच खालीवर पाच-सहा वेळा खरवडायचे. आडवा ओढायचा नाही. आडव्या ओढीने हिरडी कापते. मग हिरडीचे टोक न दुखवता धागा थोडा वर घेऊन शेजारच्या दाताला तसाच वळवायचा. फट एक असली तरी बाजू दोन असतात. शेवटच्या दाढेची मागची बाजूही सोडू नये. तिथे शेजारी दात नसला तरी प्लाक असतोच.

अक्कलदाढा सोडून २८ दात असतील तर फटी २६. सुरुवातीला वेळ लागतो, बोटे तोंडात मावत नाहीत, दाढांपर्यंत हात जाईना होतो. आरशासमोर पुढच्या दातांपासून सुरुवात करावी. ज्यांना जमतच नाही, त्यांनी मुठीत धरता येईल असा फ्लॉसचा होल्डर घ्यावा. छोटे प्लास्टिकचे फ्लॉस-पिक प्रवासात बरे, पण त्यातला ताठ धागा दाताभोवती नीट वळत नाही.

पहिल्या काही दिवसांत रक्त दिसले की लोक फ्लॉस बंद करतात. बहुतेक वेळा हिरडी प्लाकमुळे आधीच सुजलेली असते, म्हणून रक्त येते. हलक्या हाताने रोज चालू ठेवले तर आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी होते. त्यानंतरही येत राहिले, तर कीटण साचले असेल किंवा आणखी काही, दंतवैद्याला दाखवावे. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयातही तपासून घेता येते. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तसे आधीच सांगावे. फ्लॉसने दातांत फटी पडतात ही समजूत मात्र सोडून द्यावी. सूज उतरली की हिरडी बसते आणि आधीचीच जागा उघडी दिसते.

धागाही बरेच काही सांगतो. एकाच ठिकाणी तो पिंजत असेल, तर तिथे फिलिंगची कड खडबडीत आहे, कीटण आहे किंवा कीड लागली आहे. एकाच फटीत रोज नुस्त्याचे, म्हणजे मासळीचे, तंतू भरत असतील, तर दोन दातांचा टेक सुटला असावा. तो धाग्याने दुरुस्त होत नाही. फिलिंगखाली धागा अडकला तर वर हिसका न देता एक टोक सोडून बाजूने ओढून घ्यावा. तात्पुरत्या कॅपच्या बाबतीत तर नेहमीच तसे करावे.

दात दाटीचे असतील तर मेणाचा किंवा पट्टीसारखा चपटा फ्लॉस घ्यावा, तो सहज सरकतो. हिरडी उतरून फटी रुंद झाल्या असतील, तर धाग्यापेक्षा इंटरडेंटल ब्रश सरस. मात्र जबरदस्तीने घुसवावा लागेल एवढा जाड नको. दातांना तारा किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) असेल तर टोक ताठ असलेला फ्लॉस तारेखालून ओवता येतो. मुलांचे दोन दात एकमेकांना टेकू लागले की मोठ्यांनी त्यांच्यासाठी फ्लॉस करायला सुरुवात करावी.

५० मीटरची डबी एका माणसाला साधारण साडेतीन महिने पुरते. वापरलेला धागा कचऱ्याच्या डब्यातच टाकावा, कमोडमध्ये नाही. नायलॉन कुजत नाही, आणि घरचा सेप्टिक टँक असेल तर गुंता शेवटी आपल्याच अंगणात निघतो.