फाइल कॉपी व्हायला तासन् तास लागतायत? हे चेक करा

सगळ्यात आधी पोर्ट बघा. एक्स्टर्नल हार्ड डिस्क यूएसबी २.० मध्ये लावली असेल तर कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट (म्हणजे ६० एमबी) लिहिलेलं असलं तरी हातात सेकंदाला ३०-४० एमबीच पडतात, मग डिस्क कितीही भारी घ्या. ३.० चा पोर्ट बऱ्याचदा आतून निळा असतो, त्यात लावा. केबलपण ३.० चीच हवी, जुन्या मोबाइलची चार्जिंग केबल बऱ्याच डिस्कना बसते, चालतेपण, पण २.० च्याच स्पीडने.

पोर्ट ठीक असून रखडतंय? मग फोल्डर उघडून बघा. ४ जीबीचा एक व्हिडिओ पटकन जातो पण तेवढ्याच जागेतल्या हजारो बारीक फाइल्स जीव काढतात, कारण प्रत्येकीची नोंद वेगळी करावी लागते आणि वर अँटीव्हायरस एकेक तपासत बसतो, म्हणून आधी सगळ्याची एक झिप (सगळ्या फाइल्स एकत्र बांधलेली एकच फाइल) करा आणि मग ती पाठवा. फोटो असतील तर सेव्हन-झिपमध्ये (झिप करायचं सॉफ्टवेअर) कॉम्प्रेशन 'स्टोअर' ठेवा, म्हणजे फाइल्स लहान न करता नुसत्या एकत्र बांधल्या जातात, नाहीतर उगाच वेळ जातो, जेपेग फोटो काही फार लहान होत नाही.

पेन ड्राइव्ह सुरुवातीला पळून नंतर मंदावतो ते नॉर्मल आहे. पण हार्ड डिस्कचा स्पीड सारखा शून्यावर येत असेल किंवा टकटक आवाज येत असेल तर बाकी सगळं सोडा, आधी महत्त्वाचं दुसरीकडे काढून घ्या!

आणि दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना कट-पेस्ट नको प्लीज. कॉपी करा, दोन-चार फाइल्स उघडून बघा, मगच जुन्या उडवा.